जिंझू खोऱ्यातील कॅडमियम प्रदूषण

जपानच्या गिफू प्रांतातील कामिओका खाणीतून तोयामा प्रांतातल्या भातखाचरांत पसरलेले जड धातूंचे प्रदूषण. त्यातून उद्भवलेला ‘इताई-इताई’ (दुखतंय, दुखतंय) हा हाडांचा रोग जगभर ओळखला जातो. खाणीतला धातू पाणी, माती, पीक आणि शरीर या वाटेने कसा गेला, याचा माग येथे अतिशय चिकाटीने काढला गेला.

कामिओका येथे जस्त, शिसे व चांदीचे खनिज निघे. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. विसाव्या शतकात खनिज बारीक दळून फेसावर तरंगवून वेगळे काढण्याची रीत आली, तसा उरलेला गाळ पिठासारखा मऊ झाला. तो ताकाहारा नदीतून जिंझू नदीत आणि तिथून पाटांवाटे शेतात उतरे. रोगी बहुतांशी अनेक बाळंतपणे झालेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या किंवा त्यापुढील स्त्रिया. मूत्रपिंडातील नलिका निकामी होऊन कॅल्शियम व फॉस्फेट लघवीवाटे जाई, हाडे मऊ पडत आणि साध्या खोकल्यानेही मोडत. या बायकांचे दुखणे अनेक वर्षे कुपोषणाच्या नावावर खपवले गेले.

फुचू गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडली. ती सारी जिंझूचे पाणी घेणाऱ्या पट्ट्यात पडली. पूर्वेची कुमानो आणि पश्चिमेची इदा या नद्यांवर भिजणाऱ्या शेजारच्या गावांत हा आजार नव्हता. 1957 मध्ये त्यांनी खाणीच्या विषाकडे बोट दाखवले. कृषितज्ज्ञ किनइची योशिओका व ओकायामा विद्यापीठातील रसायनज्ञ जुन कोबायाशी यांची साथ मिळाल्यावर शोध कॅडमियमवर येऊन ठेपला आणि 1961 मध्ये हागिनो व योशिओका यांनी हे निष्कर्ष जाहीरपणे मांडले.

माती तपासताना एक खूण फार बोलकी ठरली. पाटाचे पाणी खाचरात ज्या तोंडातून शिरते, तिथे कॅडमियम सर्वाधिक असे आणि पलीकडच्या बांधाकडे ते घटत जाई. वरच्या नांगरटीच्या थरात ते भरपूर, खाली कमी. धातू मूळच्या खडकातून आला असता तर अशी उतरंड दिसली नसती. जस्त व शिसेही त्याच्या जोडीने वाढलेले आढळणे, हा खाणीकडे नेणारा आणखी एक दुवा.

पिकाचे गणित याहून अवघड आहे. खाचरात पाणी उभे असताना प्राणवायूअभावी कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि मुळांना फारसे मिळत नाही. कापणीपूर्वी शेत सुकवले की ते सुटे होते व दाण्यात चढते. म्हणून एकाच मातीत एका वर्षी भात बरा, दुसऱ्या वर्षी घातक निघू शकतो. पीक वरून हिरवेगार दिसले म्हणून ते निर्धोक, असे मुळीच मानता येत नाही. जपानच्या 1970 च्या शेतजमीन प्रदूषण कायद्याने हे ओळखून कॅडमियमसाठी मातीऐवजी तांदळाचेच प्रमाण धरले: किलोमागे 1 मिलिग्रॅम. पुढे ते 0.4 पर्यंत खाली आणले गेले. जमिनीची परीक्षा तिच्या दाण्यावरून करण्याचा हा निर्णय अत्यंत योग्य होता.

1968 मध्ये आरोग्य मंत्रालयाने रोगाचे मूळ खाणीच्या सांडपाण्यात असल्याचे मान्य केले. रोगी व त्यांच्या नातेवाइकांनी खाण चालवणाऱ्या मित्सुई मायनिंग अँड स्मेल्टिंग कंपनीवर भरलेला खटला 1971 मध्ये जिल्हा न्यायालयात आणि 1972 मध्ये अपिलातही जिंकला. दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ मातीचा थर देण्याचे काम 1979 मध्ये सुरू झाले व 2012 मध्ये संपले. सुमारे 863 हेक्टर शेत असे पुन्हा घडवावे लागले. 2012 मध्येच जपानी संशोधकांनी कार्बन आयनांच्या माऱ्याने कोशिहिकारी भाताचा एक वाण तयार केला. मुळांतून मँगॅनीज व कॅडमियम आत घेणारे जनुक त्यात निकामी असल्याने दाण्यात कॅडमियम जवळपास उतरत नाही.

निकालानंतर झालेल्या करारान्वये रहिवाशांना तज्ज्ञांसह खाणीच्या आवारात शिरून तपासणी करण्याचा हक्क मिळाला आणि त्याचा खर्च कंपनीवर पडला. 2001 मध्ये खनिज काढणे थांबले, तरी जुन्या गाळाच्या साठ्यांवर व सांडपाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी ही तपासणी चालू राहिली. नदीतील कॅडमियम आज निसर्गतः असणाऱ्या पातळीच्या जवळ आले आहे.