मरणाच्या भीतीचा इलाज

मयतीच्या घरी आपल्याकडे हटकून कबरीतल्या अजाबाची चर्चा निघते. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना त्यातून काय मिळतं? मुस्लिम परंपरेत मरणाबद्दल बोलण्याची दुसरीही एक रीत होती.

इब्न मिस्कवैह (मृत्यू 1030) हे तत्त्वज्ञ इराणच्या रय शहरात ग्रंथपाल होते. ग्रीक विचार तोवर बगदादमध्ये अरबीत आले होते. 'तहजीबुल अखलाक' या ग्रंथात (सर सय्यद यांच्या मासिकाचंही हेच नाव) ते मरणाच्या भीतीकडे हकिमाने दुखण्याकडे पाहावं तसे पाहतात. भीती नेमकी कशाची? वेदनेची? ती तर जिवंत शरीराला होते. शिक्षेची? मग तुम्ही मरणाला नव्हे, स्वतःच्या गुनाहांना भिता. पूर्वज मेलेच नसते तर पृथ्वीवर उभं राहायलाही जागा उरली नसती, हेही ते हिशेब मांडून सांगतात.

नसीरुद्दीन तूसी यांनी हा विचार 1235 च्या सुमारास 'अखलाक-ए-नासिरी'तून फारसीत आणला. अकबराला नेहमी वाचून दाखवल्या जाणाऱ्या पुस्तकांत अबुल फजल त्याचं नाव देतात. म्हणजे हा इलाज थेट हिंदुस्थानच्या दरबारापर्यंत पोचला होता.

आता कुणी म्हणेल, हे फलसफ्याचं झालं, दीनचं काय? इमाम गझाली यांच्या 'इह्या'चा चाळिसावा, शेवटचा भाग मरणावरच आहे. त्यात धाक भरपूर आहे. पण त्याची अखेर अल्लाहच्या अफाट रहमतीच्या वर्णनाने होते. आपल्याकडची बयानं सहसा तिथपर्यंत पोचत नाहीत.