शॉवरची धार का मंदावते?

नंदुरबार शहराला शिवण नदीवरील विरचक धरणातून पाणी मिळते. मात्र घरातील शॉवरचा दाब ठरतो तो गच्चीवरील टाकीच्या उंचीवर. दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब, असे हे गणित आहे. टाकी शॉवरपेक्षा २ मीटरच उंच असल्यास दाब जेमतेम ०.२ किलो. त्यामुळेच तळमजल्यावर धार जोरदार, तर वरच्या मजल्यावर बारीक असते. अधिक लिटरची टाकी आणून यात फरक पडत नाही; तरीही तो खर्च अनेक जण करतात.

प्रथम शॉवरची जाळी तपासावी. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजली असल्यास ती काही तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी. शेजारच्या नळालाही जोर नसेल, तर दोष अर्धवट उघड्या व्हॉल्व्हचा किंवा गंजलेल्या लोखंडी पाइपचा असू शकतो.

टाकी उंच चौथऱ्यावर चढविण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. अन्यथा टाकीनंतर प्रेशर पंप बसविता येतो. पालिकेच्या नळजोडणीला पंप थेट लावल्यास मात्र शेजाऱ्यांचे पाणी तर ओढले जातेच, शिवाय वाहिनीच्या गळतीतून गटाराचे पाणी आत शिरण्याचा धोका असतो.