लाकडी पट्टीवरचा इतिहास

मुंबईत १९०७ साली विजेवरची ट्राम धावली. १९१५मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून जलविद्युत शहरात आली. पुढे घराघरांतल्या भिंतींवर लाकडी पट्ट्या चढल्या आणि त्यांवर क्लिपांनी बसवलेल्या, रबराचं आवरण असलेल्या तारा.

ही वायरिंग म्हणजे त्या काळच्या गरजांची नोंदच. खोलीत एक दिवा, फार तर पंखा आणि रेडिओ. अनेक घरांत अर्थिंगची तार नव्हतीच. आज तिथेच २००० वॅटचा गिझर लागतो आणि २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो. चिनी मातीचा फ्यूज सारखा उडायला लागला, की कुणीतरी त्यात जाड तार भरतं. वास्तविक फ्यूजची तार बारीक असते ती सगळ्यांत आधी वितळावी म्हणून. ती जाड केली, की आधी भिंतीवरची वायर तापते.

रबर वर्षानुवर्षं उष्णता आणि हवा खाऊन ठिसूळ होतं. हलवलं नाही तर तसंच टिकून राहतं. नूतनीकरणात पट्टी सरकवली, की तडकतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. ‘इतकी वर्षं चाललंय की’ हा युक्तिवाद इथेच फसतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले चालत्या जुन्या कोडला हात लावत नाही. पण कोड काही वयोमानाने तडकत नाही.

म्हणून रंगाच्या आधी परवानाधारक वायरमनकडून तपासणी, नव्या तारा, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारा आरसीसीबी. जुन्या दोन तारांवर नवं थ्री-पिन सॉकेट बसवलं, तर तिसरं भोक नुसतं शोभेचं.