बर्फाची बंदूक

मागच्या डिसेंबरात सातपुड्यात भटकायला गेलो होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला पहाटे उठून बघतो तर गवतावर पांढरा थर! दव गोठलं होतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी गवतावर बर्फ धरतो. मित्र म्हणाला, "बर्फाचं मशीन आणू, नंदुरबारचं काश्मीर करू!" हसलो, पण घरी येऊन त्या मशीनचा इतिहास शोधलाच.

१९४९-५० च्या हिवाळ्यात अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये बर्फच पडेना. वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघांचा स्की बनवायचा धंदा बसला. मग पिअर्सने रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणि बागेचा पाइप जोडून थंड हवेत पाणी उडवलं. बर्फ पडला की! १९५४ मध्ये पेटंटही मिळालं. पुढे स्की रिसॉर्टवाल्यांनी या यंत्रांत भरपूर पैसा ओतला. लहरी निसर्गाला बॅकअप म्हणा ना.

आपल्याकडे उत्तराखंडात औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी अशा बंदुका आल्या. त्यांना पाणी पुरवायला डोंगरावर तळंही बांधलं. तरी २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. मेख इथेच आहे. बंदूक पाण्याचे बारीक थेंब उडवते, गोठवायचं काम शेवटी हवेचं.

डाबचा थर ऊन चढताच गेला. यंत्र विकत मिळतं, तळं बांधता येतं. थंडी कुठून आणायची?