पत्ता बदलला, पत्रं कुठे गेली?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. जोडणी घेतली की सोबत ई-मेलचा पत्ताही मिळायचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि स्वस्त जोडणीच्या मागे लोक इकडून तिकडे जाऊ लागले. २००३ साली मीही कंपनी बदलली. नव्या कंपनीच्या माणसाने आउटलुक एक्सप्रेसमध्ये नवी 'आयडेंटिटी' उघडून दिली, आणि जुनी सगळी मेल गायब! त्यात काकांनी आजारपणात लिहिलेली पत्रं होती.

सापडली ती माझ्याच हार्डडिस्कवर. पॉप-३ ही पद्धत १९८८ ची. टपाल सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवायचं आणि तिकडचं पुसून टाकायचं, हा तिचा मूळ रिवाज (सर्व्हरवरची जागा तेव्हा महाग!). जुन्या आयडेंटिटीच्या फोल्डरमध्ये 'इनबॉक्स.डीबीएक्स' ही फाईल जशीच्या तशी पडून होती. ती 'इम्पोर्ट' केली आणि काकांची पत्रं तारखांसकट समोर आली.

जुनं खातं बंद झाल्यावर त्या पत्त्यावर आलेलं मात्र गेलं ते गेलंच. पोस्टात अर्ज दिला तर टपाल नव्या पत्त्यावर पाठवतात हो. कंपनीने तेवढंही केलं नाही. पत्ता तिचा, आपण भाडेकरू. कंपनी बदलून मोबाईल नंबर तोच ठेवायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला आली. ई-मेलच्या पत्त्याला तशी सोय कधी मिळालीच नाही.

काकू म्हणते, काकांनी शेवटची मेल त्या जुन्या पत्त्यावरच पाठवली होती.