माझगांवचा आंबा

गिरगांवांतील रस्त्यांवरच्या पाट्या वाचीत चालणें हा मुंबईचा इतिहास शिकण्याचा एक सुलभ मार्ग आहे. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, खेतवाडी, बोरभाट, अशीं नांवें एकामागून एक येतात. पूर्वेस व उत्तरेस वळलें म्हणजे चिंचबंदर, उंबरखाडी, ताडवाडी, वडाळा हीं भेटतात. परळ हें नांवहि एका वृक्षावरूनच पडलें, असें मानणारे पंडित आहेत. यांतील कांहीं व्युत्पत्तींविषयीं वाद असेल. परंतु एवढें निश्चित, कीं ज्या लोकांनीं हीं नांवें दिलीं त्यांना झाडावरून जागा ओळखण्याची संवय होती. आज नांवें उरलीं आहेत आणि झाडें गेलीं आहेत. ह्या पाट्या एका अर्थीं मृत्युलेखच होत.

त्या गेलेल्या मंडळींत सर्वांत कीर्तिमान् असा एक आंबा होता. मुंबई बेट पोर्तुगीजांच्या सत्तेखालीं असतां तें गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे खंडानें होतें. वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. त्यांत, मुंबईच्या आपल्या जमिनींतील एक आंबा वर्षांतून दोनदां फळतो, असें त्यानें नमूद केलें आहे. पुढें सुमारें अडीचशें वर्षांनीं, १८०९ सालीं, मराया ग्रेहॅम नांवाची इंग्रज बाई मुंबईस आली. आपल्या प्रवासवृत्तांत ती माझगांवच्या आंब्याची मुक्तकंठानें स्तुति करते. ज्या मूळ वृक्षावरून कलमें निघालीं, त्यावर फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असे, असेंहि सांगते. टॉमस मूर या कवीनें १८१७ च्या ‘लाला रूख’ काव्याच्या टीपांत हीच गोष्ट घेतली, आणि माझगांवचें नांव विलायतेंतील वाचकांच्या ओठांवर गेलें.

परंतु हा आंबा एकटा उभा नव्हता. १६७३ सालीं येथें आलेला डॉक्टर फ्रायर माझगांवच्या बोंबलांचा उल्लेख करतो आणि तेथून वरळीच्या खिंडाराकडे पसरलेल्या चांगल्या भातशेतीचाहि करतो. सखल भागांत भात, वाळवटांत माड, किनाऱ्यावर मासळी, अशी ही मांडणी होती. माडांच्या मुळाशीं माशांचें खत घालण्याची चाल होती. तिची दुर्गंधि रोगकारक समजून इंग्रज तिला मनाई करीत. कोळी, भंडारी व कुणबी यांचे धंदे एकमेकांत गुंतलेले होते, आणि एकाचें उरलेलें दुसऱ्याच्या उपयोगीं पडत होतें. विविधता ही त्या काळीं शोभेची वस्तु नसून निर्वाहाचें साधन होती.

ती गेली कशी? कोणा एकाच्या दुष्टाव्यानें नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरळीचें खिंडार बुजलें आणि बेटांमधील जमीन वस्तीस मोकळी झाली. १८५६ पासून कापडगिरण्या चालूं लागल्या, आणि पुढें परळ-लालबागचें रूपच पालटलें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें ताडीच्या झाडावरील कराचा बोजा भंडाऱ्याच्या माथीं बसला. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ सालीं, सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; त्यानें दादर-माटुंग्यास हवेशीर वस्ती आंखली. यांतील बहुतेक गोष्टी त्या त्या वेळीं इष्टच होत्या. पण नियतीचा विनोद पाहा: ज्या गिरण्यांनीं हीं शेतें व्यापलीं, त्यांचे भोंगेहि १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडले! मात्र गिरणी पुन्हा उभारतां येते. नष्ट झालेला वाण पुन्हा उभारतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, त्या वनस्पतींची नोंद तर झाली आहे ना? झाली आहे खरी. गिरगांवचे डॉ. सखाराम अर्जुन यांनीं मुंबईच्या औषधी वनस्पतींची यादी सिद्ध केली, आणि १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत ते व डॉ. आत्माराम पांडुरंग हे दोघे होते. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. तथापि कागदावरील नांव रुजत नाहीं. आंब्याच्या बाबतींत तर कोय पेरूनहि मूळ गुण उतरेल याची हमी नसते. वाण जगतो तो कलमानें, म्हणजे कोणीतरी पिढ्यान् पिढ्या हातानें सांभाळल्यानें.

आणि केवळ एकच वाण सांभाळणेंहि घातक होय. आपल्या लाडक्या हापुसाचेंच उदाहरण घ्या. त्याचीं असंख्य झाडें हीं एकाच कुळाचीं कलमें. म्हणून गुणाप्रमाणें दोषहि सर्वांत सारखा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळांत साका निघतो, हा अनुभव कोणत्या घरीं नाहीं? त्यावर उपाय निघाला तो परक्या आंब्याच्या साहाय्यानें. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रांत दक्षिणेकडील नीलम व आपला हापूस यांच्या संकरांतून ‘रत्ना’ हा साक्यापासून मुक्त वाण निर्माण झाला, आणि १९८१ सालीं तो लोकांपुढें आला. नीलम कोणी राखिला नसता, तर हापुसाचा दोष घालविण्यास ‘रत्ना’ आली असती कोठून?

हाच धडा जगानें याहून कडू रीतीनें घेतला आहे. आयर्लंडांत गरिबांचें अन्न बहुतांशीं बटाट्याच्या एकाच वाणावर आलें होतें. १८४५ सालीं त्यावर रोग पडला आणि सुमारें दहा लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. उलट, १९७० नंतर आशियांतील भातावर खुरटा रोग पसरला, तेव्हां फिलिपाइन्समधील संशोधकांनीं सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगास दाद न देणारा निघाला फक्त एक, उत्तर प्रदेशांतील एक रानभात. त्याचें रक्त घेऊन १९७६ सालीं ‘आय्.आर्. ३६’ हा वाण आला. ज्या गवताकडे कोणी ढुंकून पाहिलें नसतें, त्यानें कोट्यवधींचा घांस राखिला.

असे वाण राखणारे हात आपल्या महाराष्ट्रांत आहेत. अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणें जतन केलें, आणि २०२० सालच्या पद्मश्रीनें त्यांचा गौरव झाला. परंतु हा भार केवळ खेड्यांतील शेतकऱ्यावर टाकणें अन्यायाचें आहे. त्यानें कमी पैसे देणारें झाड कां राखावें? आम्हां शहरवासीयांच्या आवडीनेंच कोणतें झाड उभें राहील व कोणतें सरपणास जाईल हें ठरत असतें. म्हणून पुढच्या वैशाखांत दादरच्या बाजारांत हापुसाच्या पेटीशेजारीं रायवळाची टोपली दिसली, तर वाचकांनीं तिच्यापुढें क्षणभर थांबावें, आणि घासाघीस न करितां ती घ्यावी. माझगांवच्या आंब्यावर शिपायांचा पहारा होता, तरी तो टिकला नाहीं. जें झाड लोकांच्या ताटांतून उठतें, त्याला पहारा तारूं शकत नाहीं.