रेशी: दोन हजार वर्षं लोक वेडे होते का?

आजच्या भागाची सुरुवात आमच्या फ्रिजवर ठेवलेल्या एका डबीपासून करतो. लाल झाकण, आत साठ कॅप्सूल, किंमत दीड हजाराच्या आसपास. बाबांच्या ओळखीतल्या एका काकांनी आणून दिली. काका नेटवर्क मार्केटिंग करतात, त्यामुळे डबीसोबत एक चकचकीत पत्रकही आलं. त्यावर लिहिलं होतं: रेशी मशरूम, २००० वर्षांची परंपरा. खाली यादी. बीपी, शुगर, हार्ट, झोप, प्रतिकारशक्ती. राहिलंय काय, तर फक्त नोकरी आणि लग्न.

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका." बाबा शांतपणे म्हणाले, "दोन हजार वर्षं लोक घेतायत म्हणे. ते सगळे वेडे होते का?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढचे तीन शनिवार-रविवार मी हेच वाचत बसलो. आजचा भाग म्हणजे बाबांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. रेशी हे जपानी नाव. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात. 'झी' म्हणजे ही अळंबी आणि 'लिंग' म्हणजे दैवी, चमत्कारी. शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. ही भाजीतली मऊ मशरूम नाही हां. मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या झाडावर वाढते, लाकडासारखी कडक असते आणि वरून लालसर, जणू नुकतंच व्हार्निश मारलंय अशी चकाकते. चावून खाता येत नाही. उकळून काढा करायचा किंवा पूड करायची. आणि चव? कडू. हे 'कडू' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दोन हजार वर्षांचं बघू. तो आकडा खोटा नाही. चीनमधला औषधींचा सगळ्यात जुना ग्रंथ शेननोंग या पौराणिक राजाच्या नावावर आहे. तो साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात संकलित झाला असं मानतात. त्यात ३६५ औषधं आहेत आणि त्यांच्या तीन श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीतली औषधं आयुष्य वाढवणारी, खालच्या श्रेणीतली रोगावर मारा करणारी पण जपून वापरायची. झी वरच्या श्रेणीत आहे. तांबड्या झीबद्दल म्हटलंय की ती छातीतला अडथळा दूर करते, हृदयाला बळ देते, बुद्धी वाढवते, विसरभोळेपणा घालवते. आणि दीर्घकाळ खाल्ली तर शरीर हलकं होतं, म्हातारपण येत नाही, माणूस अमर होतो.

म्हणजे बघा, पत्रकावरची यादी तशी जुनीच आहे. फक्त 'अमर' हा शब्द तेवढा काढून टाकलाय.

पण त्याच ग्रंथात एक गंमत आहे. तिथे झी एक नाही, सहा आहेत: हिरवी, तांबडी, पिवळी, पांढरी, काळी आणि जांभळी. हिरवी आंबट, तांबडी कडू, पिवळी गोड, पांढरी तिखट, काळी खारट. चिनी विचारात पाच तत्त्वं असतात आणि प्रत्येक तत्त्वाला एक रंग, एक चव, एक दिशा, शरीरातला एक अवयव नेमून दिलेला असतो. ग्रंथातली ही जुळणी नेमकी त्या चौकटीप्रमाणे आहे. खारट अळंबी कुणी जंगलात चाखून बघितली असेल असं वाटत नाही. रकाने आधी आखले आणि मग त्यात झी बसवली, असंच दिसतं.

त्यानंतर चौथ्या शतकात गे होंग नावाच्या ताओ पंथाच्या अभ्यासकाने झीचे पाच प्रकार सांगितले. त्यात दगडाची झी आहे, लाकडाची आहे, वनस्पतीची आहे, मांसाचीसुद्धा आहे. म्हणजे त्या काळात 'झी' हा शब्द एका अळंबीचं नाव नव्हताच. डोंगरात सापडणाऱ्या, अमरत्व देणाऱ्या कुठल्याही अद्भुत गोष्टीला झी म्हणायचे. म्हणून 'दोन हजार वर्षं लोक हेच खातायत' हे वाक्य पहिल्याच पायरीवर अडखळतं. 'हेच' म्हणजे नक्की कोणतं?

आता राजवाड्यात जाऊ. इ.स.पू. १०९. हान घराण्याचा सम्राट वू. याला अमर व्हायचं होतं, आणि अमर करून देतो म्हणणारे लोक त्याच्या दरबारात रांगेने उभे असायचे. त्यातल्या लुआन दा नावाच्या एकाला त्याने आपली मुलगी दिली होती, आणि थापा उघड झाल्यावर इ.स.पू. ११२ मध्ये त्याला मारूनही टाकलं होतं. अशा या सम्राटाच्या गानच्युएन महालात, अगदी आतल्या दालनात, नऊ देठांची झी उगवली. आपल्याकडे घरात अळंबी उगवली तर आपण ओल कुठून येतेय ते शोधू आणि सुताराला बोलावू. सम्राटाने कैद्यांना माफी जाहीर केली, आसपासच्या लोकांना बैल आणि दारू वाटली, आणि त्या झीवर एक गीत रचून घेतलं. कारण झी उगवणं म्हणजे राजा पुण्यवान असल्याची स्वर्गाने दिलेली पावती!

इथून झीचं खरं करिअर सुरू झालं. औषध म्हणून कमी, शुभशकुन म्हणून जास्त. चित्रांमध्ये, राजवाड्यांच्या नक्षीत, 'रूयी' नावाच्या मानाच्या दंडाच्या टोकाला तिचा आकार दिसतो. श्वेतनागिणीच्या प्रसिद्ध लोककथेत तर नागीण मेलेल्या नवऱ्याला जिवंत करायला डोंगरावरून लिंगझी चोरून आणते. आपल्या संजीवनीची आठवण झाली ना? मलाही झाली.

शकुनाला बक्षीस मिळायला लागलं की काय होतं? अकराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग घराण्याच्या झेनझोंग सम्राटाने तायशान पर्वतावर मोठा यज्ञविधी केला. साल १००८. राज्य किती सुखात आहे हे दाखवायला त्याला शकुन हवे होते. पुढे मोठा मंत्री झालेला वांग आनशी हा लेखक आपल्या एका निबंधात तेव्हाची हकिगत सांगतो. हजारोंच्या संख्येने झी दरबारात येऊ लागल्या. मोठ्या अधिकाऱ्यांना सम्राटाचं कौतुकाचं पत्र, लहान अधिकाऱ्यांना आणि सामान्य लोकांना सोनं आणि रेशीम. मग काय! डोंगरातले शेतकरी, म्हातारेकोतारे कडे चढू लागले, दऱ्यांत उतरू लागले. पुढचा सम्राट आला, त्याने शकुन स्वीकारणंच बंद केलं. झी तीच, डोंगर तेच. पण आता ती झाडाझुडपांत तशीच पडून राहू लागली, आणि तिच्यात काही विशेष आहे हे त्या शेतकऱ्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

हे वाचून मी दोन मिनिटं थांबलो. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी या माणसाने नेमकं पाहिलं होतं: वस्तूत काहीच बदललं नव्हतं, बदललं होतं ते वर बसलेल्या गिऱ्हाइकाचं मन.

आता माझा आवडता माणूस. ली शिझेन, जन्म १५१८. चिनी औषधशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्याने सुमारे २७ वर्षं खपून 'बेनत्साओ गांगमू' हा ग्रंथ लिहिला, त्यात १८९२ औषधं आहेत. तो मेल्यावर, १५९६ मध्ये, ग्रंथ छापून झाला. आजही लिंगझी विकणारे याच्या नावाचा हवाला देतात. त्याने जुन्या ग्रंथातले गुण नोंदवलेत, हे खरंय. पण स्वतःचं मत काय दिलंय माहितीये? झी ही कुजलेल्या लाकडाच्या उरलेल्या अंशातून येते, माणसाच्या अंगावर गाठ किंवा चामखीळ यावी तशी. तिला शुभ मानणं आणि ती खाऊन अमर होता येतं म्हणणं हा निव्वळ खुळेपणा आहे. आणि त्याने झी ठेवली कुठे? भाज्यांच्या विभागात!

तो आणखी एक गोष्ट सांगून जातो. ओलसर जागी लाकडं रचायची, वर औषधं चोपडायची, की पाच रंगांच्या झी उगवतात. वांग जिन नावाच्या एकाने अशाच उगवून ज्याजिंग सम्राटाला भेट दिल्या होत्या. हा सम्राट ली शिझेनच्याच काळातला, अमरत्वाच्या औषधांच्या मागे लागलेला. १५६७ मध्ये तो गेला.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. दोन हजार वर्षं सगळे वेडे नव्हते. दोन हजार वर्षं लोक या अळंबीवरून भांडत होते. पत्रकावर फक्त एका बाजूचं म्हणणं छापलंय. शंका घेणारेसुद्धा त्याच परंपरेतले होते, बाहेरचे नव्हते.

आता आधुनिक काळ. युरोपात या जातीच्या अळंबीचं शास्त्रीय वर्णन विल्यम कर्टिसने १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये केलं. गॅनोडर्मा हे नाव फिनलंडच्या कार्स्टनने १८८१ मध्ये दिलं. पुढे चीनच्या लिंगझीलाही तेच युरोपातलं नाव, 'गॅनोडर्मा ल्युसिडम', चिकटवलं गेलं. गंमत म्हणजे २०१२ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की चीनमधली ती वेगळी आहे, आणि तिला 'गॅनोडर्मा लिंगझी' असं नवं नाव दिलं.

१९७० च्या दशकात जपानमध्ये तिची लागवड जमली आणि दुर्मिळ वस्तू कारखान्याच्या आवाक्यात आली. १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी तिच्यातला कडूपणा वेगळा काढला: गॅनोडेरिक ॲसिड ए आणि बी. सुरुवातीला 'कडू' लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते हेच. याशिवाय तिच्यात बीटा-ग्लुकन ही मोठ्या साखळीची शर्करा असते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर हे पदार्थ प्रतिकारशक्तीत खरोखर हालचाल करतात. म्हणजे अळंबीत काहीच नाही असं अजिबात नाही.

पण उंदीर वेगळा आणि बाबा वेगळे. कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासते. २०१५ मध्ये त्यांनी हृदयविकाराच्या जोखमीसाठी रेशीच्या पाच चाचण्या पाहिल्या, मिळून ३९८ माणसं. निष्कर्ष: त्या पुराव्यावरून ती यासाठी घ्यावी असं म्हणता येत नाही. २०१६ मध्ये कॅन्सरबद्दल पाच चाचण्या, ३७३ माणसं. मुख्य उपचार म्हणून पुरावा अपुरा. नेहमीच्या उपचारांसोबत जोड म्हणून थोडा फायदा असू शकेल, पण चाचण्यांचा दर्जा समाधानकारक नाही.

आणि डबीत काय असतं? २०१७ मध्ये अमेरिकेत विकत घेतलेल्या १९ रेशी उत्पादनांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. लेबलप्रमाणे खरी रेशी निघाली ५ मध्ये. एकोणीसमधून पाच! शिवाय रेशीची पूड घेतल्यावर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून सावध राहायला सांगतात. माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा होता.

जाता जाता आपल्याकडचं. गॅनोडर्माची भावंडं आपल्या देशातही आहेत, पण नारळवाला तिचं नाव ऐकून खूश होत नाही. नारळाच्या मुळांना कुजवणारा 'तंजावर विल्ट' हा रोग याच कुळाचा, १९५२ मध्ये तंजावर भागात नोंदलेला. आणि कोकणात जुन्या फणसाच्या झाडावर 'फणसोंबा' नावाची कडक अळंबी येते. ती रेशी नव्हे, वेगळी आहे. ती पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात, तोंडातून फार लाळ गळत असेल तर. एक वस्तू, एक तक्रार, एक वापर. कुणी तिला अमरत्वाचं औषध म्हटलं नाही, कदाचित म्हणूनच तिचं पत्रक निघालं नाही.

तर मागच्या रविवारी मी बाबांना ली शिझेनची गोष्ट सांगितली. चामखिळीवर ते हसले. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हासुद्धा कुणीतरी विचारणारं होतं." मी म्हटलं, "हो. आणि तेव्हासुद्धा कुणीतरी विकणारं होतं." सोमवारी डबी घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी बघितली, डबी बघितली आणि बंद करा म्हणाले. बाबांनी ऐकलं. काकांना मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही, कारण काकांनीही त्या साखळीत स्वतःचे पैसे घातलेत आणि त्यांनाही कुणीतरी तेच पत्रक दिलं होतं. ते बोलणं अजून बाकी आहे.

तुमच्या घरातही अशी एखादी डबी असेल. भांडू नका, "वेडे आहात का" म्हणू नका. डबी उचला आणि डॉक्टरांना दाखवा, एवढंच करा. आणि हा भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा, तिकडेच त्याची जास्त गरज आहे. भेटू पुढच्या भागात!